पहारा आणि हजेरी

दिवेघाटाचा चढ संपला म्हणजे सासवडचे पठार दृष्टीस पडते आणि त्याच्या दक्षिणेस पुरंदर व वज्रगड हे दोन दुर्ग एकमेकांना खेटून उभे असलेले दिसतात. या दुर्गांच्या परिसरात भिवडी नावाचे गाव आहे. ज्या जमातींना इंग्रजी कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांचा आणि पोलीस खात्याचा संबंध आज महाराष्ट्रात कोणत्या अवस्थेत आहे, हे ग्रंथांत वाचून स्वस्थ बसण्यापेक्षा त्या त्या ठिकाणी जाऊन आणि त्या त्या माणसांशी बोलून समजून घ्यावे, या हेतूने मी निघालो होतो. आणि या जमातींपैकी एक जमात जेथे एके काळी स्वतःच पोलिसांचे काम करीत होती, तेथूनच या प्रवासाचा आरंभ व्हावा, असे मला वाटत होते. भिवडी हे उमाजी नाईकांचे जन्मगाव, आणि पुरंदरचा मुलूख हा रामोश्यांच्या पहाऱ्याचा मुलूख.

मराठी राज्यात गावाची राखण करणारा जागल्या किंवा रामोशी हा ग्रामव्यवस्थेचा हक्कदार घटक असे. रात्री गस्त घालावी, परक्या माणसावर नजर ठेवावी, चोरी झालीच तर पावलांचा माग काढीत तो पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यावा आणि तेथल्या राखणदाराच्या स्वाधीन करावा, अशी ती रीत होती. माग मध्येच तुटला तर नुकसानीची जबाबदारी राखणदारावर येई, आणि या जोखमीच्या मोबदल्यात त्याला जमिनीचा व बलुत्याचा हक्क मिळे. 1818 साली पेशवाई बुडाली, गडांवरचे पहारे उठले आणि त्या पहाऱ्यांवर ज्यांचे पोट होते त्यांचे हक्कही हळूहळू बुडाले. उमाजी नाईकांचे बंड या बुडालेल्या हक्कांतून उभे राहिले. इंग्रजांनी मध्यंतरी त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर नेमले होते, याचाच अर्थ असा की, हा मनुष्य राखण करू शकतो हे त्या सरकारलाही ठाऊक होते. परंतु तो समेट टिकला नाही आणि 1832 साली पुण्यात त्यांना फाशी झाली. गावात त्यांचे स्मारक आहे. तेथे मला भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पुरंदराकडे बोट करून सांगितले, ‘‘गडाचा पहारा आमच्याकडं होता. पुढं आमच्यावरच पहारा बसला.’’ ज्यांच्या हाती गावाची राखण होती, त्यांच्यावरच राखण बसविण्याची ही उलटापालट कशी घडली, हाच प्रश्न पुढे साऱ्या प्रवासात माझ्या सोबतीला राहिला.

पुरंदराहून मी कोल्हापुरास गेलो. कोल्हापूरचे नाव या विषयात कृतज्ञतेनेच घ्यावे लागते. ब्रिटिश मुलखात एकेक जमात गुन्हेगार म्हणून जाहीर होत असता, राजर्षी शाहू छत्रपतींनी 1918 साली आपल्या संस्थानातील अशा जमातींची हजेरीची सक्ती बंद केली. त्यांच्यापूर्वीची रीत अशी होती की, या जमातींतील माणसांनी चावडीवर येऊन पाटलासमोर ठरल्या वेळी आपली उपस्थिती नोंदवावी, आणि परगावी जावयाचे तर परवानगी घेऊन जावे. मनुष्याने गुन्हा केला आहे किंवा नाही, हा प्रश्न त्या रीतीत उद्भवतच नव्हता. महाराजांनी केवळ ही सक्ती उठवून संतोष मानला नाही. चोरटे म्हणून बदनाम झालेल्या फासेपारध्यांना त्यांनी जवळ बोलाविले, राहावयास जागा दिली, कामे दिली आणि पहाऱ्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. कोल्हापूरजवळच्या सोनतळीच्या बाजूला फिरताना माझ्या मनात वारंवार येत होते की, या कृतीत दयाबुद्धी तर होतीच, परंतु तिच्याहूनही मोठी अशी एक राज्यकारभाराची दृष्टी होती. पारध्याला रान आणि पायवाट कळते, तो अंधारात हालचाल ओळखतो, त्याची चिकाटी विलक्षण असते, हे सारे इंग्रज अंमलदारांनाही माहीत होते. त्यांनी त्या गुणांवरून गुन्ह्याचा पुरावा काढला, आणि महाराजांनी त्याच गुणांवरून नेमणुकीचा हुकूम काढला. माणसे तीच, गुण तेच, काळही तोच. भेद एवढाच की, एका दफ्तरात त्यांची नोंद हजेरीच्या वहीत झाली आणि दुसऱ्या दफ्तरात पगाराच्या.

कोल्हापूर सोडून मिरज, सांगोला करीत सोलापूरकडे निघालेला रस्ता मंगळवेढ्यावरून जातो. काळ्याभोर जमिनीत दूरवर पसरलेली मालदांडी ज्वारी, दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे स्मरण आणि ज्या गावकुसाच्या कामावर चोखोबांचा अंत झाला त्या गावकुसाची आठवण, यांमुळे मंगळवेढे कोणाही मराठी माणसाला आपलेसे वाटावे. परंतु मला तेथे आणखी एक गोष्ट आठवली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी शेकडो कोस फिरणाऱ्या या माणसांपैकी बहुतेक मंगळवेढे तालुक्यातील होते. मोबाईलवरून पसरलेल्या एका खोट्या बातमीने आठवड्याच्या बाजारात जमलेल्या गर्दीला भुलविले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारण्यात आले, आणि पोलिसांची मोठी कुमक पोहोचण्यापूर्वी सारे संपून गेले. राईनपाडा हा आदिवासी वस्तीचा भाग आहे. म्हणजे ज्यांनी स्वतः शतकभर सरकारी संशय सोसला, अशा मुलखातच परक्या भटक्यांविषयीचा संशय इतका भडकला. सरकारी कायद्याने एकदा एखाद्या समूहाला संशयित ठरविले म्हणजे तो संशय चावडीतून, ठाण्यातून बाहेर पडून लोकांच्या मनात उतरतो आणि कायदा रद्द झाल्यावरही तेथेच राहतो, याचे याहून दारुण उदाहरण मला माहीत नाही. मंगळवेढ्याच्या बाहेर पालावर भेटलेल्या एका प्रौढ गोसाव्याने सांगितले, ‘‘आम्ही कुठल्याबी गावाला गेलो की आधी ठाण्यात जाऊन नाव लिवून येतो, साहेब. आता नाव लिवूनबी भ्या वाटतं.’’ त्याच्या या बोलण्यात पोलिसांविषयी तक्रार नव्हती. उलट आपल्या जिवाची हमी सरकारने घ्यावी, ही एका नागरिकाची रास्त अपेक्षा होती.

बेगमपुराजवळ भीमा ओलांडून मी सोलापुरात पोहोचलो. सिद्धेश्वराचे तळे, भुईकोट किल्ला, गिरण्यांच्या उरलेल्या भिंती, आणि मराठी, कानडी व तेलुगू या तीन भाषांचा एकाच चौकात चाललेला व्यवहार, हे सोलापूर सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याच शहराच्या एका अंगाला जी वस्ती आजही सेटलमेंट या नावाने ओळखली जाते, तिचा इतिहास बाहेरच्या लोकांना फारसा ठाऊक नाही. 1871 साली उत्तर हिंदुस्थानात प्रथम लागू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 साली नव्या स्वरूपात साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी करण्यात आला आणि 1924 साली त्याला अखेरचे रूप आले. या कायद्यान्वये सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, म्हणजे तिच्या माणसांची नावनिशी नोंदवावी, बोटांचे ठसे घ्यावेत, त्यांना हजेरी लावावी, आणि वाटल्यास सबंध कुटुंबांना ठराविक वसाहतीत नेऊन ठेवावे. इतकेच नव्हे तर मुलांना आईबापांपासून तोडून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही त्यात होता. विशिष्ट गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी, अशी त्यातील कलमे होती. मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाच्या आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर, बारामती वगैरे ठिकाणी अशा वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे चालविण्यास दिली होती. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला या लोकांवर नजर हवी होती. या दोन गरजांचा मेळ तारेच्या कुंपणात बसला.

या स्टार्टसाहेबांविषयी एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. ते क्रूर मनुष्य नव्हते. माणसाला काम आणि शिक्षण मिळाले तर तो सुधारतो, यावर त्यांचा विश्वास होता, आणि पुढे 1928 साली दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी त्यांच्याच अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिच्यावर डॉक्टर आंबेडकर व ठक्करबाप्पा यांनी काम केले. तरीही ज्या व्यवस्थेचे ते चालक होते, तिचा पाया असा होता की, मनुष्याचा अपराध त्याच्या रक्तात शोधावा. आणि पाया जर असा असेल तर वरची इमारत कितीही सद्बुद्धीने बांधली तरी तिच्यात राहणाऱ्याला ती तुरुंगच वाटणार.

वस्तीत मला एका जुन्या गिरणीकामगाराच्या घरी नेण्यात आले. कैकाडी समाजातील हे गृहस्थ ऐंशीच्या पलीकडचे. त्यांचे बालपण कुंपणाच्या आत गेलेले. त्यांना सारे अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागलो. कडक भाकरी व शेंगांची चटणी पुढे करून त्यांनी आपल्या वडिलांची दिनचर्या सांगितली. सकाळी गिरणीचा भोंगा होण्याआधी हजेरी, पाळी सुटल्यावर परत येताच हजेरी, आणि रात्री पुन्हा हजेरी. बाहेरगावी नातलगाचे लग्न असो वा मयत असो, पास घेतल्यावाचून कुंपणाबाहेर पाऊल टाकायचे नाही. ‘‘वडील कधी चोरीच्या वाटेला गेले नाहीत,’’ अण्णा म्हणाले, ‘‘पण आज्याच्या नावावरनं वडलांचं नाव लागलं, आणि वडलांच्या नावावरनं माझं लागणार होतं. तेवढ्यात कायदा गेला.’’ हे सांगताना त्यांच्या स्वरात कटुता नव्हती. एखाद्या वतनाच्या वारसाहक्काची हकीकत सांगावी तशा शांतपणे ते संशयाच्या वारसाहक्काची हकीकत सांगत होते.

मुंबई राज्यात हा कायदा 1949 साली रद्द झाला. पुढे अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर साऱ्या देशात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपुष्टात आला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षे सोळा दिवसांनी या लोकांच्या वाट्याला ते स्वातंत्र्य आले, आणि म्हणूनच 31 ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पंडित नेहरूंनी 1960 साली सोलापुरात येऊन या वसाहतीची तार तोडली, अशी आठवण सोलापुरात आजही अभिमानाने सांगितली जाते. अण्णांच्या घरातून बाहेर पडलो तेव्हा गल्लीत शाळेची मुले खेळत होती, एका ओट्यावर वकिलीची पाटी होती, पलीकडे रिक्षा धुतली जात होती. या वस्त्यांतून शिक्षक, वकील, नगरसेवक निघाले. आणि या आणि अशाच जमातींतून लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ यांसारखी आत्मकथने आली, ज्यांनी ठाण्यातली मारहाण, पालावरची झडती आणि शाळेतली उपेक्षा मराठी वाचकाच्या घरात आणून ठेवली. परंतु ‘‘तार तुटल्यावर पोलिसांचं येणं थांबलं का?’’ असे मी विचारले तेव्हा अण्णा थोडे थांबून म्हणाले, ‘‘तार सरकारची होती, ती सरकारनं काढली. डोक्यातली तार कोण काढणार?’’

हा प्रश्न मनात घेऊनच मी शहराबाहेरच्या मुळेगाव तांड्यावर गेलो, आणि तेथे त्याचे अर्धेअधिक उत्तर मला सापडले. बंजारा समाजाचा हा तांडा हातभट्टीच्या दारूसाठी वर्षानुवर्षे प्रसिद्ध होता; धाडी पडत, पिंपे फोडली जात, गुळाचे रसायन ओतून दिले जाई, खटले भरले जात, आणि काही काळाने भट्ट्या पुन्हा पेटत. 2021 साली सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ या नावाने निराळा मार्ग अवलंबिला. दारू गाळणारी एकेक वस्ती एकेका अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. त्याने वारंवार तेथे जावे, लोकांशी बोलावे, भट्टी पुन्हा पेटली तर कायद्याप्रमाणे कारवाईही करावी, परंतु त्याच वेळी त्या कुटुंबाला दुसरा व्यवसाय मिळवून देण्याची खटपटही त्यानेच करावी, अशी ती योजना होती. कोणाला किराणा दुकान, कोणाला जनावरे, बायकांना शिवणकाम, अशा रीतीने पुष्कळ कुटुंबांनी तो धंदा सोडला. तेथे शिलाई यंत्रावर बसलेल्या एका बाईंना मी पूर्वीचे आणि आताचे अंतर विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘आधी गाडी आली की पोरं रानात पळायची. आता पोरं गाडीजवळ जातात.’’ या उपक्रमाचे महत्त्व मला असे वाटते की, त्यात कोणी कोणावर उपकार केला नाही. धाडीचे वेळापत्रक जसे आखले जाते तसे भेटीचे आखले गेले. गुन्ह्यांचा अहवाल जसा मागविला जातो तसा पुनर्वसनाचा मागविला गेला. संशय जसा दफ्तरातून राबविता येतो, तसा विश्वासही दफ्तरातूनच राबविता येतो, हे मुळेगावने सिद्ध केले. अडचण एवढीच की, अधिकारी बदलला म्हणजे त्याच्यासोबत अशी दृष्टीही बदलून जाते. संशयाची वही मात्र ठाण्यातच राहते.

सोलापूरहून तुळजापूरच्या घाटाने मी बालाघाटाच्या पठारावर चढलो आणि मराठवाड्यात उतरलो. ज्या पारधी वस्तीला मला जावयाचे होते, तिचे व तिच्या ठाण्याचे नाव मी येथे लिहीत नाही. कारण नाव लिहिल्याने तेथील माणसांचाच उपद्रव वाढावयाचा. गावापासून बरीच दूर, गायरानाच्या माळावर, पत्र्याची काही घरे आणि ताडपत्रीची काही पाले. पाण्यासाठी दूरवरची विहीर. आणि विजेचे खांब गावाच्या शेवटच्या घरापाशीच थांबलेले. पूर्वी पारधी फास लावून तित्तर-लावे, ससे, हरणे धरीत. शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने दबकत पाखरांच्या अगदी जवळ जाण्याची त्यांची विद्या तर प्रसिद्ध आहे. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. तो कायदा अवश्यच होता. परंतु ज्यांची उपजीविका त्याने एका दिवसात बेकायदा ठरविली, त्यांच्या हाती दुसरी उपजीविका देण्याची तरतूद त्याच्यासोबत आली नाही. जमीन नाही, गायरानावर नांगर धरला तर गावाशी तंटा, आणि मजुरीला गेले तर आडनाव कळेपर्यंतच काम.

वस्तीतल्या सर्वांत वृद्ध बाईंना सारे आजी म्हणत. त्यांनी मला बाजेवर बसविले, चहा दिला आणि विचारल्यावाचूनच बोलू लागल्या. ‘‘दादा, या पंचक्रोशीत कुठंबी घर फुटलं की पयली गाडी आमच्याकडं येती. पळालो तर चोर, न्हाई पळालो तर घावलेले चोर.’’ त्यांच्या एका मुलाला असेच एका रात्री नेले. कोठे नेले हे दुसऱ्या दिवशीही कोणी सांगेना. चौथ्या दिवशी तो सुटून आला तो लंगडत, आणि त्याच्यावर खटला कधी भरलाच गेला नाही. अटक केल्याची खबर नातलगास ताबडतोब द्यावी, अटकेचा पंचनामा करावा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, वैद्यकीय तपासणी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली डी. के. बसू खटल्यात घालून दिलेले नियम प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावलेले असतात. आजींना वाचता येत नाही. परंतु त्या भिंतीखाली त्या रात्रभर बसून होत्या. हे नियम घालून दिल्यानंतरही 1998 साली पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या विमुक्त जमातीच्या तरुणाचा कोठडीतील मारहाणीनंतर मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी बारामतीतही एका पारधी तरुणाचा पोलिसांच्या ताब्यात असताना अंत झाला. महाश्वेता देवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड यांनी या लोकांच्या हक्कांसाठी देशभर चळवळ उभारली ती याच सुमारास.

न्यायाचा विचार करताना दुसरी बाजू ऐकणे अवश्य असते. म्हणून त्या भागात पूर्वी काम केलेल्या एका फौजदारांची मी भेट घेतली. मनुष्य सरळ होता. ते म्हणाले, ‘‘तुम्ही एक बाजू पाहता. पारधी टोळ्यांनी घातलेले दरोडे मी पाहिले आहेत. मळ्यात एकटं राहणारं कुटुंब, म्हातारी माणसं, त्यांना झालेली मारहाण, हे सगळं मी पाहिलं आहे. त्या घरच्यांना मी काय सांगू?’’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि ज्यांच्या घरावर असा प्रसंग आला त्यांचे दुःख कोणत्याही इतिहासाने हलके होत नाही. परंतु पुढे ते जे बोलले ते अधिक महत्त्वाचे होते. ‘‘दरोडा पडला की चोवीस तासांत वरून विचारणा होते, संशयित कोण? माझ्याकडे दहा गावांना एक अंमलदार. बातमीदार नाहीत, ठसे जुळायला वेळ लागतो. हाताशी काय असतं? जुनं रजिस्टर. ते उघडलं की नावं तीच.’’ मला वाटते, त्या एका वाक्यात या साऱ्या विषयाचे मर्म होते. त्या फौजदाराच्या मनात द्वेष नव्हता. परंतु द्वेष नसतानाही द्वेषाचे सारे परिणाम घडवून आणणारी एक पद्धत त्याच्या टेबलावर तयार होती. गुन्हेगार जमातींचा कायदा गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचा 1959 सालचा कायदा आला. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत संशयास्पद स्थितीत आढळणाऱ्या मनुष्याला पकडण्याचा अधिकार देणारे 1951 सालच्या पोलीस कायद्याचे 122 वे कलम आहेच. आणि रात्री उघड्यावर झोपण्यावाचून ज्यांना गत्यंतर नाही, त्यांची स्थिती पोलिसांच्या दृष्टीला नेहमीच संशयास्पद दिसणार. यात कोठेही जातीचे नाव नाही. पण अधिकार वापरताना हात ज्या बाजूला वळतो ती बाजू ठरलेली आहे.

अशा सोयीस्कर तपासाने खरा गुन्हेगारही सुटतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने साऱ्या देशापुढे आणले आहे. 2003 साली नाशिकजवळच्या एका मळ्यात दरोडा, खून व अत्याचार असा भयंकर प्रकार घडला. भटक्या जमातीच्या सहा माणसांना त्यात पकडण्यात आले, आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. पुढे तोच खटला पुन्हा ऐकला गेला तेव्हा असे दिसून आले की, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने आरंभीच पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून चार निराळीच माणसे ओळखली होती आणि त्यांचा तपास कोणी केलाच नव्हता. मार्च 2019 मध्ये न्यायालयाने आपलाच पूर्वीचा निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सरकारला फर्माविले, आणि तपासात दोषी असलेल्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास सांगितले. सोळा वर्षे तुरुंगात, त्यांतील बहुतेक फाशीच्या छायेत. आणि त्या मळ्यातल्या कुटुंबाला तरी न्याय कोठे मिळाला? ज्या व्यवस्थेने निरपराध्याला कोंडले, तिनेच अपराध्याला मोकळे ठेवले. म्हणून या प्रश्नाला पोलीस विरुद्ध पारधी असे स्वरूप देणे चुकीचे आहे. दरोड्यात घर गमावलेल्या शेतकऱ्याचे हित आणि रात्री उचलून नेलेल्या पारध्याचे हित एकच आहे, आणि ते म्हणजे खरा तपास.

वस्तीतून निघण्यापूर्वी आजींची नात भेटली. बारावी झालेली ही मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. गायरानाच्या पायवाटेवर तिने स्वतःच अंतर मोजून खुणेचे दगड मांडले होते. पहाटे उठून ती आठशे मीटर धावण्याचा सराव करी आणि वजनदार दगड घेऊन गोळाफेकीचा. वस्तीतल्या बायका प्रथम हसल्या, मग कौतुक करू लागल्या. धावणे तिला अवघड वाटत नव्हते, लेखी परीक्षेचीही भीती नव्हती. तिला चिंता होती ती निवड झाल्यावर होणाऱ्या चारित्र्य पडताळणीची. ‘‘सर, पडताळणी आपल्याच ठाण्यात होते ना? तिथं बापाचं नाव आहे, चुलत्याचं आहे, आज्याचंही असेल. माझ्या नावापुढं काय लिहितील?’’ या प्रश्नाला तिच्या समाधानापुरतेही उत्तर मला देता आले नाही. मात्र परतीच्या साऱ्या वाटेवर मी त्याचाच विचार करीत होतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2024 सालात या दिशेने दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. मे महिन्यातील एका निकालात न्यायालयाने असे म्हटले की, मागास समाजातील, तसेच अनुसूचित जाती-जमातींतील निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहाने हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढविली जाऊ नयेत. आणि ऑक्टोबरमध्ये, तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाविषयीच्या निकालात, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये अशी ताकीद पोलिसांना दिली. आता काम उरले आहे ते या आज्ञा ठाण्याच्या नित्याच्या कारभारात उतरविण्याचे. रजिस्टरात नाव चढले तर ते त्या व्यक्तीच्या सिद्ध झालेल्या कृत्यावरून चढावे आणि ठराविक मुदतीने तपासून वगळले जावे. वस्तीत झडतीला जावयाचे तर लेखी कारण नोंदवून, स्त्री पोलीस बरोबर घेऊन आणि शक्यतो दिवसाउजेडी जावे. अटकेची खबर त्याच घटकेस घरी पोहोचावी. आणि ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत अशी वस्ती आहे, त्याच्या कामाचे मोजमाप जसे उघडकीस आलेल्या गुन्ह्यांवरून होते तसे त्या वस्तीला मिळवून दिलेल्या शिधापत्रिकांवरून, दाखल्यांवरून आणि शाळेत घातलेल्या मुलांवरूनही व्हावे. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही. संशयाची व्यवस्था उभारताना यापेक्षा कितीतरी अधिक कागद, शिपाई आणि तारा खर्ची पडल्या होत्या. त्या मुलीच्या नावापुढे जे लिहिले जाईल, ते तिच्या आजोबांविषयी, तिच्या जमातीविषयी किंवा तिच्या वस्तीविषयी नसावे; तिने स्वतः काय केले एवढेच त्यात असावे. प्रत्येक नागरिकाला जे विनासायास मिळते तेच तिला मिळावे, याची हमी देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि ज्या सरकारने तिच्या पूर्वजांना हजेरीला उभे केले त्याच्या वारसावर तर ते ऋणच आहे.